विनापालक स्थलांतरित बालकांचा निवासी सांभाळ आणि शासकीय अनुदान

१. विषयाची ओळख

आई-वडील किंवा कोणी वडीलधारे माणूस सोबत नसताना परक्या देशाच्या सीमेवर येऊन उभी राहणारी मुले हा आजच्या जगापुढील एक गंभीर प्रश्न आहे. दारिद्र्य, युद्ध, गुंडांच्या टोळ्यांचा जुलूम, दुष्काळ आणि आधीच परदेशी गेलेल्या आई-बापांची ओढ अशा अनेक कारणांनी ही मुले घर सोडतात. मूल आपल्या देशाचे नाही म्हणून त्याला उपाशी आणि उघड्यावर ठेवता येत नाही, हे बहुतेकांना मान्य असते. परंतु त्याला कोठे ठेवावे, कोणी सांभाळावे, किती दिवस सांभाळावे आणि खर्च कोणी सोसावा, हे प्रश्न पुढे आले की मतभेद सुरू होतात.

या लेखात आपण अमेरिकेचे उदाहरण घेणार आहोत. तेथे या कामासाठी केंद्र सरकार स्वतंत्र निधी देते, तो बहुतांशी खाजगी सेवाभावी संस्थांमार्फत खर्च होतो आणि त्याच्या बऱ्या-वाईट परिणामांच्या भरपूर नोंदी उपलब्ध आहेत. आपल्या वाचकांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. आपल्यापैकी कित्येकांचे शिक्षण अनुदानित वसतिगृहात राहून झाले आहे. काहींनी अशी वसतिगृहे चालविलीही आहेत. मान्य विद्यार्थिसंख्या, परिपोषण अनुदान, हजेरीपट, तपासणी, उपयोगिता प्रमाणपत्र हे शब्द आपल्या परिचयाचे आहेत. अनुदान वेळेवर आले नाही की किराणा दुकानदाराच्या वहीत उधारी कशी वाढते, हेही आपण जाणतो. हीच व्यवस्था कोट्यवधी डॉलरांच्या प्रमाणावर आणि परदेशी मुलांसाठी चालते तेव्हा काय घडते, हे अभ्यासण्यासारखे आहे.

लेखाचा मुख्य मुद्दा आरंभीच सांगतो. अनुदान खाटांच्या हिशोबाने मंजूर होते. मुलाला मात्र घर हवे असते. या दोन गोष्टींत जेवढे अंतर पडते, तेवढे मुलाचे नुकसान होते आणि सार्वजनिक पैशाचेही नुकसान होते.

२. पूर्वपीठिका

एकट्या मुलांना दुसऱ्या देशाने आसरा दिल्याची जुनी उदाहरणे आहेत. डिसेंबर १९३८ पासून दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत जर्मनी, ऑस्ट्रिया व चेकोस्लोव्हाकिया या भागांतून सुमारे १०,००० मुले इंग्लंडमध्ये आणण्यात आली. त्यांतील बहुतेक ज्यू होती. ब्रिटिश सरकारने प्रवेशाची परवानगी दिली, पण सरकारी तिजोरीवर भार पडू नये अशी अट घातली. पुढे तर प्रत्येक मुलामागे ५० पौंडांची हमी मागण्यात आली. म्हणजे परवाना सरकारचा आणि खर्च समाजाचा, असा तो प्रकार होता.

अमेरिकेत डिसेंबर १९६० ते ऑक्टोबर १९६२ या काळात क्यूबामधून १४,००० हून अधिक मुले आई-वडिलांशिवाय विमानाने आली. काहींना नातेवाइकांनी नेले. उरलेल्यांचा सांभाळ धार्मिक व सामाजिक संस्थांनी केला आणि त्यासाठी केंद्र सरकारने पैसा दिला. सरकारने पैसा द्यावा आणि संस्थेने मूल सांभाळावे, ही पद्धत या कामात तेव्हापासून दिसते.

परंतु १९८० च्या दशकात मध्य अमेरिकेतील यादवी युद्धांमुळे जी मुले आली, त्यांच्या वाट्याला वेगळा अनुभव आला. देशांतर खाते त्यांना पकडत होते आणि तेच खाते त्यांना ठेवूनही घेत होते. काही मुलांना अनोळखी प्रौढांबरोबर कोंडले जाई. एल साल्वाडोरची एक पंधरा वर्षांची मुलगी अशीच अडकून पडली होती. न्यायला मावशी तयार होती. पण आई-वडील किंवा कायदेशीर पालक यांच्याशिवाय कोणाच्या हाती मूल द्यायचे नाही, असा त्या विभागाचा नियम होता. तिच्या नावाने १९८५ मध्ये दावा दाखल झाला. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. तरीही लढा चालू राहिला आणि १९९७ मध्ये सरकार व मुलांचे वकील यांच्यात तडजोड झाली. तिला फ्लोरेस करार म्हणतात. मुलाला सुरक्षित व स्वच्छ जागेत ठेवावे, शक्य तितक्या मोकळ्या वातावरणात ठेवावे, राज्य सरकारचा बालसंगोपनाचा परवाना असलेल्या ठिकाणी ठेवावे आणि विनाकारण विलंब न लावता नातेवाइकांच्या स्वाधीन करावे, ही त्या करारातील मुख्य कलमे होत.

पुढील दोन कायदे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावेत. २००२ च्या कायद्याने या मुलांचा सांभाळ देशांतर खात्याकडून काढून आरोग्य व मानवसेवा खात्यातील निर्वासित पुनर्वसन कार्यालयाकडे दिला. १ मार्च २००३ पासून तो अमलात आला. मुलाविरुद्ध खटला चालविणारे खाते आणि मुलाला सांभाळणारे खाते एक असू नये, हे तत्त्व त्यामागे आहे. दुसरा कायदा २००८ चा, मानवी व्यापाराच्या प्रतिबंधाचा. मूल विनापालक आहे असे ठरल्यापासून अपवादात्मक परिस्थिती वगळता ७२ तासांच्या आत त्याला या कार्यालयाकडे सोपवावे, असे तो सांगतो. मेक्सिको व कॅनडा या शेजारी देशांच्या मुलांना मात्र चौकशी करून परत पाठविण्याची मुभा त्यात आहे.

कायद्याच्या दृष्टीने विनापालक बालक म्हणजे ज्याचे वय १८ वर्षांपेक्षा कमी आहे, ज्याला देशात राहण्याचा कायदेशीर हक्क नाही आणि ज्याला सांभाळू शकेल असे आई-वडील किंवा कायदेशीर पालक त्या देशात उपलब्ध नाहीत, असे मूल.

३. मूल कोणत्या वाटेने जाते

समजा, ग्वाटेमालातील एक पंधरा वर्षांचा मुलगा टेक्सासच्या सीमेवर पोहोचला. सीमारक्षक त्याला ठाण्यावर नेतात. तेथून त्याला पुनर्वसन कार्यालयाच्या अनुदानावर चालणाऱ्या निवासगृहात पाठविले जाते. तेथे त्याची वैद्यकीय तपासणी होते व लसी दिल्या जातात. एक समाजकार्यकर्ता त्याच्याकडे सोपविलेला असतो. मुलाच्या खिशातील चिठ्ठीवर किंवा त्याच्या आठवणीत जो फोन नंबर असेल, त्यावरून हा कार्यकर्ता नातेवाइकांचा शोध घेतो. आई, बाप, काका, मावशी, मोठा भाऊ असे कोणी अमेरिकेत राहत असेल, तर त्यांची ओळख व नाते तपासून मूल त्यांच्या हाती दिले जाते. काही प्रकरणांत घरी जाऊन पाहणी केली जाते. मुलाचा देशात राहण्याचा खटला मात्र न्यायालयात पुढे चालूच राहतो.

कोणीच नातेवाईक सापडला नाही तर मुलाला दीर्घकाळासाठी पालक-कुटुंबात ठेवण्याची सोय आहे. अतिशय लहान मुले आणि लहान वयात माता झालेल्या मुली यांनाही शक्यतो कुटुंबातच ठेवतात. मानसिक उपचाराची गरज असलेल्यांसाठी वेगळी केंद्रे आहेत. तथापि बहुसंख्य मुले निवासगृहातच राहतात. ग्वाटेमाला, होंडुरास आणि एल साल्वाडोर या तीन देशांची मुले यांत सर्वाधिक असतात, आणि त्यांतही किशोरवयीन मुलगे अधिक.

४. पैसा कसा येतो आणि त्यातून काय द्यावे लागते

अमेरिकेची संसद दरवर्षी या कार्यक्रमासाठी निधी मंजूर करते. तेथील आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते आणि ज्या वर्षी संपते त्या वर्षाच्या नावाने ओळखले जाते. पुनर्वसन कार्यालय जाहिरात देऊन संस्थांकडून अर्ज मागविते. किती खाटा, कोणत्या वयाची मुले, इमारत कोठे, परवाना आहे की नाही, कर्मचारी किती, अंदाजपत्रक किती, हे सर्व अर्जात लिहावे लागते. मंजुरी सामान्यतः काही वर्षांच्या मुदतीची असते आणि अंदाजपत्रक वर्षागणिक मान्य होते. आपल्याकडील अनुदानापेक्षा यात सरकारचा सहभाग अधिक असतो. कोणते मूल कोठे ठेवायचे आणि कोणाच्या स्वाधीन करायचे, याचा निर्णय सरकारी कार्यालयच घेते. गर्दीच्या वेळी जी तात्पुरती मोठी केंद्रे उघडतात, ती मात्र पुष्कळदा ठेका देऊन चालविली जातात.

अनुदान घेणाऱ्या संस्थेवरील बंधने पाहण्यासारखी आहेत. मुले जागी असताना आठ मुलांमागे एक आणि झोपलेली असताना सोळा मुलांमागे एक सांभाळणारा कर्मचारी हवा. बारा मुलांमागे एक समुपदेशक हवा. सोमवार ते शुक्रवार शिकवणी, दररोज एक तास मैदानी खेळ व एक तास अन्य करमणूक, आठवड्यातून किमान एकदा प्रत्येक मुलाशी स्वतंत्र समुपदेशन आणि दोनदा सामूहिक बैठक, घरच्यांशी फोनवर बोलण्याची सोय, कायदेशीर हक्कांची माहिती, स्वतःच्या धर्माप्रमाणे उपासनेची मोकळीक, या सर्व गोष्टी दिल्याच पाहिजेत. यांतील बरीचशी कलमे थेट १९९७ च्या करारातून आली आहेत. म्हणजे मुलाला खेळायला मिळणारा तास हा अधीक्षकाच्या मर्जीवर नाही. तो त्याचा हक्क म्हणून लिहून ठेवलेला आहे.

पण हक्क कागदावर असला तरी पैसा नसेल तर काय होते, हे जून २०१९ मध्ये दिसले. मुलांची संख्या वाढल्याने वर्षाचा निधी संपत आला. तेव्हा, जीव वाचविण्यासाठी थेट आवश्यक नसलेल्या शिक्षण, खेळ आणि कायदेशीर मदत या बाबींवर खर्च करू नये, असे कार्यालयाने संस्थांना कळविले. जेवण व निवारा चालू राहिला. शाळा व मैदान अडचणीत आले. १ जुलै २०१९ रोजी पुरवणी निधीचा कायदा झाला आणि त्यात या खात्याला सुमारे २.९ अब्ज डॉलर मिळाले. अनुदान आटले की पहिली कात्री कशाला लागते, हे वसतिगृह चालविणाऱ्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

५. संख्येचे चढ-उतार आणि महागडी घाई

या कामातील सर्वांत मोठी अडचण म्हणजे मुलांची संख्या आधी कळत नाही. २०१२ या आर्थिक वर्षात १३,६२५ मुले या कार्यालयाकडे आली. २०१४ मध्ये ती ५७,४९६ झाली. २०१९ मध्ये ६९,४८८, तर साथीच्या काळात सीमा बंद झाल्याने २०२० मध्ये केवळ १५,३८१. लगेच पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये १,२२,७३१ आणि २०२२ मध्ये १,२८,९०४. २०२४ मध्ये ती ९८,३५६ वर आली, आणि २०२५ मध्ये सीमा जवळजवळ बंद झाल्यावर फारच खाली गेली.

संख्या कमी असताना रिकाम्या खाटांवर खर्च कशाला, असे लोकप्रतिनिधी विचारतात. हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु खाटा कमी केल्या आणि एकदम गर्दी झाली, की तंबू ठोकावे लागतात. २०१८ मध्ये खात्याने दिलेल्या आकड्यांप्रमाणे कायम स्वरूपाच्या निवासगृहात एका मुलाचा एका दिवसाचा खर्च सुमारे २५६ डॉलर होता. तंबूच्या तात्पुरत्या छावणीत तोच ७७५ डॉलर होता. म्हणजे तिपटीने जास्त. एक हजार मुले दहा दिवस ठेवायची तर पहिल्या ठिकाणी २५ लाख ६० हजार डॉलर लागतील आणि दुसऱ्या ठिकाणी ७७ लाख ५० हजार. वाळवंटात पाणी, वीज, स्वच्छतागृहे, वातानुकूलन आणि घाईने आणलेले कर्मचारी यांवर हा पैसा जातो.

जास्त पैसा म्हणजे जास्त चांगला सांभाळ, असेही घडले नाही. टेक्सासमधील टॉर्निलो येथे जून २०१८ मध्ये उघडलेली छावणी थोड्या दिवसांसाठी होती. वर्षअखेर तेथे अडीच हजारांहून अधिक मुले होती. खात्याच्याच महानिरीक्षकाने नोव्हेंबर २०१८ मध्ये दोन गंभीर दोष दाखविले. कर्मचाऱ्यांची बोटांच्या ठशांवरून व्हावयाची गुन्हेविषयक तपासणी झालेली नव्हती आणि समुपदेशक फारच कमी होते. जानेवारी २०१९ मध्ये ती छावणी बंद झाली. २०२१ च्या वसंत ऋतूत एका वेळी २२,००० हून अधिक मुले या कार्यालयाच्या ताब्यात होती. तेव्हा डॅलस व सॅन दिएगो येथील सभागृहे आणि फोर्ट ब्लिस हा लष्करी तळ यांत मुलांना ठेवावे लागले. आरोग्य खात्याच्या इतर शीर्षांतील दोन अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम त्या वर्षी या कामाकडे वळविण्यात आली. फोर्ट ब्लिसवर नातेवाइकांचा शोध घेणारे अनुभवी कार्यकर्ते अपुरे असल्याने मुले अडकून पडली, असे महानिरीक्षकाच्या २०२२ च्या अहवालात नमूद आहे.

उलट टोकाचेही उदाहरण आहे. २०२२ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो येथे एका बंद पडलेल्या निवासी शाळेची जागा पाच वर्षांसाठी सुमारे पाच कोटी डॉलर भाड्याने घेण्यात आली. पुढील वर्षभर तेथे एकही मूल राहायला आले नाही.

यातून निघणारा धडा असा की, परवाना असलेल्या लहान निवासगृहांच्या आणि पालक-कुटुंबांच्या काही जागा संख्या कमी असतानाही राखून ठेवणे, हा अपव्यय नव्हे. अग्निशामक दलाचा बंब आग नसतानाही ठेवावाच लागतो.

६. संस्था आणि सार्वजनिक पैसा

अनुदान वाढले की संस्था वाढतात. टेक्सासमधील ब्राऊन्सव्हिल येथे एका जुन्या मोठ्या दुकानाच्या इमारतीत चालणाऱ्या निवासगृहात २०१८ मध्ये सुमारे १,५०० मुलगे राहत होते. एवढ्या संख्येत मुलाचे नाव लक्षात राहत नाही; नोंदवहीतील क्रमांक लक्षात राहतो.

सरकारी अनुदानातून पदाधिकाऱ्याच्या वेतनापोटी किती रक्कम घेता येते, याला अमेरिकेत मर्यादा आहे. २०१८ मध्ये ती वर्षाला १,८९,६०० डॉलर होती. असे असूनही अनुदानावर वाढलेल्या एका मोठ्या सेवाभावी संस्थेच्या प्रमुखाचे वार्षिक उत्पन्न सुमारे १५ लाख डॉलर असल्याचे करविषयक कागदपत्रांतून उघड झाले. वृत्तपत्रांनी टीका केल्यानंतर २०१९ मध्ये त्याने पद सोडले. वर्षाला ठराविक रकमेहून अधिक केंद्रीय निधी खर्च करणाऱ्या संस्थेला स्वतंत्र लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. तरीही लेखापरीक्षण बिले तपासते. मुलगा रात्री रडतो की झोपतो, हे बिलावर लिहिलेले नसते. त्यासाठी परवाना देणाऱ्या राज्याचे निरीक्षक, न्यायालय आणि मुलांचे वकील यांचे येणे-जाणे लागते.

येथे आणखी एक अडथळा आला. २०२१ मध्ये टेक्सास राज्याने आणि त्यापाठोपाठ फ्लोरिडाने अशा निवासगृहांना परवाना देणे किंवा चालू ठेवणे थांबविले. निवासगृहे चालू राहिली, पण राज्याची तपासणी सुटली. केंद्र व राज्य यांच्या राजकीय भांडणात निरीक्षक नाहीसा झाला. २०२४ मध्ये सरकारने या कार्यक्रमाची सविस्तर नियमावली केली आणि ती अमलात येताच न्यायालयाने आरोग्य खात्यापुरता फ्लोरेस करार बहुतांशी संपविला. मात्र जेथे राज्याचा परवाना नाही, तेथील देखरेख चालू ठेवली.

७. दार ओलांडल्यानंतर

निवासगृहाचे दार ओलांडले की अनुदानाचा मोठा भाग थांबतो. मुलाचे आयुष्य तर तेथूनच सुरू होते. या ठिकाणी दोन प्रकारच्या चुका झाल्या आणि दोन्ही समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली चूक घाईची. २०१४ मध्ये ओहायो राज्यातील मॅरियन येथे ग्वाटेमालाची काही मुले अंड्यांच्या फार्मवर वेठीने राबताना सापडली. ओळखीचे किंवा नात्याचे म्हणून आलेल्या लोकांच्या हाती त्यांना सोपविण्यात आले होते, आणि पुरेशी चौकशी झाली नव्हती. संसदेच्या एका उपसमितीने जानेवारी २०१६ मध्ये यावर अहवाल दिला. २०२३ मध्ये वृत्तपत्रांच्या शोधातून कत्तलखाने, कारखाने व छपरांच्या कामावर रात्रपाळी करणारी अशी अनेक मुले उजेडात आली. फेब्रुवारी २०२४ च्या महानिरीक्षकांच्या अहवालात, तपासलेल्या प्रकरणांपैकी १६ टक्क्यांत सुरक्षिततेच्या एखाद्या आवश्यक तपासणीची नोंदच नव्हती आणि २२ टक्क्यांत मुलाची खुशाली विचारणारा फोन वेळेवर झाला नव्हता, असे आढळले.

दुसरी चूक अडवणुकीची. २०१८ मध्ये मूल न्यायला येणाऱ्याच्या घरातील सर्व प्रौढांच्या बोटांचे ठसे घेऊन ते देशांतर अंमलबजावणी खात्याला देण्याचे ठरले. त्या वर्षी जुलै ते नोव्हेंबर या काळात अशा १७० जणांना अटक झाली. त्यांतील १०९ जणांवर पूर्वीचा कोणताही गुन्हा नव्हता. परिणाम उघड होता. नातेवाईक पुढे येईनासे झाले, मुलांचा सरासरी मुक्काम ६० दिवसांवर गेला आणि डिसेंबर २०१८ मध्ये निवासगृहांत १४,००० हून अधिक मुले साठली. त्याच वर्षी सीमेवर आई-बापांपासून सरकारनेच तोडलेल्या हजारो मुलांनाही विनापालक ठरवून याच खाटांवर ठेवले होते, हेही विसरता येत नाही. पुढे नियम सैल झाले आणि २०२३ मध्ये सरासरी मुक्काम २७ दिवसांवर आला. २०२५ च्या आरंभी ओळखपत्र, उत्पन्नाचा पुरावा व डीएनए चाचणी यांचे नियम पुन्हा कडक झाले. येणारी मुले कमी झाली असतानाही मुक्काम कित्येक महिन्यांवर गेला.

त्याच वर्षी मार्चमध्ये सुमारे २६,००० मुलांना मिळणाऱ्या वकिली मदतीचा बहुतांश निधी सरकारने थांबविला. एप्रिलमध्ये न्यायालयाने तो तात्पुरता चालू ठेवण्याचा आदेश दिला. ज्या मुलाला न्यायालयाची भाषा येत नाही, त्याने न्यायाधीशापुढे एकट्याने उभे राहावे काय, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

८. आपल्याकडील कायदा काय सांगतो

मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर एकटी उतरणारी मुले आपण पाहतो. १९९६ मध्ये मुंबईतच १०९८ ही बालकांसाठीची दूरध्वनी सेवा सुरू झाली. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय समजावा, असे तत्त्व कायद्यातच लिहिले आहे. त्याला अनुसरून कुटुंबातच मूल राहावे म्हणून मिशन वात्सल्यमध्ये दरमहा ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व आणि महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये देण्याची तरतूद आहे. आपल्या वस्तीतील एखादे मूल केवळ गरिबीमुळे बालगृहात जात असेल, तर आधी या योजनांचा अर्ज भरून देणे हे सभासदांचे काम आहे.

९. निष्कर्ष

अमेरिकेच्या अनुभवावरून चार गोष्टी निश्चितपणे म्हणता येतात. पहिली, मुलाला सांभाळणारे हात आणि त्याच्यावर खटला चालविणारे हात वेगळे असावेत. सांभाळणाऱ्याने मिळविलेली माहिती पकडणाऱ्याकडे गेली, की नातेवाईक घाबरतात आणि मूल अडकते. दुसरी, काही जागा राखून ठेवणे हे ऐन वेळी तंबू ठोकण्यापेक्षा स्वस्त आणि माणुसकीचे आहे. तिसरी, अनुदानाबरोबर बाहेरची तपासणी आलीच पाहिजे. संस्था सेवाभावी आहे एवढे पुरेसे नाही. चौथी, पैशाचा काही भाग मुलाच्या मागोमाग त्याच्या घरापर्यंत गेला पाहिजे. घराची पाहणी, शाळेतील प्रवेश, अधूनमधून भेट आणि वकील यांवरचा खर्च हा खाटेवरील खर्चाच्या मानाने थोडा असतो, पण मूल वाचते ते त्यामुळे.

वार्षिक अहवालात आपण मान्य संख्या आणि हजर संख्या लिहितो. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना असावा. या वर्षी किती मुले सुखरूप घरी गेली आणि सहा महिन्यांनी त्यांची खुशाली कोणी विचारली, हे त्यात लिहावे. तो रकाना भरता येत नसेल, तर बाकीचा हिशोब पैशापैशाने जुळला तरी काम अपुरे आहे, असे समजावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. विनापालक बालकाची कायदेशीर व्याख्या सांगून तिच्या तीन अटी स्पष्ट करा.

२. १९९७ चा करार, २००२ चा कायदा आणि २००८ चा कायदा यांनी प्रत्येकी कोणता बदल केला?

३. कायम निवासगृह व तात्पुरती छावणी यांच्या खर्चाची तुलना करा. रिकाम्या खाटा राखून ठेवणे योग्य आहे काय?

४. मूल लवकर सोडणे आणि चौकशी करून सोडणे यांचा मेळ कसा घालता येईल? लेखातील उदाहरणांच्या आधारे लिहा.

५. आपल्या गावातील एखाद्या अनुदानित वसतिगृहास किंवा बालगृहास परवानगी घेऊन भेट द्या. तेथील अनुदान, कर्मचारीसंख्या आणि मुले घरी गेल्यानंतरची विचारपूस यांविषयी एक पानाचे टिपण तयार करा.